धर्मविषयक विनोद : कोठवर रुचतो, कोठून बोचतो



देवाधर्माचा विनोद महाराष्ट्राला नवा नाही. किकवी-भोर परिसरातील यात्रांत ज्यांनी तमाशा पाहिला असेल, त्यांना गणानंतरची गवळण ठाऊक आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो, मावशी प्रत्यक्ष देवाशी हुज्जत घालते, आणि ग्रामदैवताचे भक्त समोर बसून मनमुराद हसतात. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० साली रंगभूमीवर आले व त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. त्यात महाभारताची पुरती त्रेधा उडते. परंतु फजिती होते ती द्रौपदीची नव्हे, नाटक बसवणाऱ्या गावकऱ्यांची. प्रेक्षकाला हा भेद कोणी समजावून द्यावा लागत नाही.

चित्रपटातही हेच दिसते. 'देऊळ' (२०११) या मराठी चित्रपटात गाय शोधणाऱ्या केशाला दत्तदर्शनाचा भास होतो आणि त्या साध्या श्रद्धेवर गावात बाजार उभा राहतो. चित्रपट हसतो तो बाजाराला. केशाच्या श्रद्धेला तो हात लावत नाही. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. याउलट 'पीके' (२०१४) या हिंदी चित्रपटाचाही रोख धर्माच्या दलालांवरच होता, तरी शंकराच्या वेषातील नट जीव घेऊन पळतो, ते दृश्य अनेकांच्या जिव्हारी लागले. दलालावर मारलेला दगड मूर्तीला लागल्यासारखे त्यांना वाटले. ही वेदना खोटी म्हणता येणार नाही. मात्र चित्रपटगृहांची मोडतोड हे तिचे उत्तर खचितच नव्हते.

जैन समाजाने येथे स्वतःचा इतिहासही आठवावा. आचार्य हरिभद्रसूरींनी आठव्या शतकात 'धूर्ताख्यान' हा प्राकृत ग्रंथ रचला. उज्जयिनीजवळ पावसात अडकलेले धूर्त पैज लावतात : प्रत्येकाने अचाट थाप मारावी, जो ती खोटी म्हणेल त्याने सर्वांना जेवू घालावे. प्रत्येक थापेला इतर धूर्त पुराणांतील दाखला देतात. थट्टा अर्थात पुराणकथांची आहे. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाचा चिकित्सक अभ्यास केला, तो १९४४ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांच्या कथांवर इतके मार्मिक हसणारी परंपरा स्वतःवरील प्रत्येक विनोदाला अपमान म्हणू लागली, तर ते शोभणार नाही.

मग बोचते कोठे? दूरचित्रवाणीवर कांदा-लसणावरून, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या घाईवरून थट्टा होते. ती घरोघरी सुनाही करतात. तिला हसण्यात कमीपणा नाही. परंतु दिगंबर मुनींच्या नग्नतेवरील विनोद निराळा. तेथे विनोद करणाऱ्याला अपरिग्रह म्हणजे काय याची जाणीवच नसते. त्याला फक्त उघडा देह दिसतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मुनिश्री तरुणसागरजींनी हरियाणा विधानसभेत प्रवचन दिले, तेव्हा चित्रपट-संगीतकार विशाल ददलानी यांनी समाजमाध्यमावर अशीच थट्टा केली. समाज संतापला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, ददलानींनी जाहीर क्षमा मागितली. मुनिश्रींनी क्षमा केली. स्वतः 'कडवे प्रवचन' देणाऱ्या त्या साधूच्या मनात कटुता राहिली नाही. खटला मात्र चालूच राहिला. २०१९ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, पण ददलानी व अन्य एकास प्रत्येकी १० लाख रुपये भरावयास सांगितले. मुनिश्री तोवर, २०१८ मध्येच, कालवश झाले होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कमही रद्द केली आणि नैतिक पहारा हे न्यायालयाचे काम नव्हे, असे स्पष्ट केले.

कायद्याची भूमिका जुनीच आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ मध्ये १९२७ पासून, व आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये, हेतुपुरस्सर व द्वेषबुद्धीने केलेला अपमान हाच गुन्हा आहे. अज्ञानातून झालेला फालतू विनोद त्यात सहसा बसत नाही. मालिकेतील एखाद्या प्रसंगाने मन दुखावल्यास प्रथम वाहिनीकडे लेखी तक्रार करावी. त्यापुढे, वाहिन्यांच्या संघटनेने २०११ साली स्थापलेली तक्रार परिषद आहे. पत्रात संतापाऐवजी प्रसंग कोणता, त्यात चूक काय आणि मुनिचर्येचा खरा अर्थ काय, एवढेच लिहावे.