रात्रीचें टपाल आणि दोन इंजिनांचा सारथी

दिवसा आकाशांतून विमान गेलें कीं मान वर करून पाहणारीं माणसें पुष्कळ असतात. मध्यरात्रीच्या विमानाकडे मात्र ज्याला झोप नाहीं त्याचेंच लक्ष जातें. नागपूरच्या आसमंतांत एके काळीं असें लक्ष देण्याजोगें फार मोठें काम रोज रात्रीं चालत असे. कन्हान नदीच्या तीरावर १८२१ सालीं वसलेली कामठीची छावणी या शहरापासून अवघ्या पांचसहा कोसांवर आहे. छावणी म्हटली कीं घरच्या पत्राची वाट पाहणें आलेंच. कामठींत पडलेलें पत्र नागपुरास पोंचावें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मद्रास किंवा कलकत्त्यास उतरावें, ही गोष्ट आगगाडीच्या हिशेबांत बसणारी नव्हती. ती साध्य केली रात्रीच्या टपाल-विमानांनीं.

ही योजना जानेवारी १९४९ मध्यें सुरू झाली. त्या वेळीं दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवाई हे होते. योजनेची कल्पना इतकी सोपी होती कीं ती पूर्वीं कोणास कशी सुचली नाहीं याचेंच नवल वाटावें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्रीं एकेक विमान निघे. चौघांची गांठ नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर पडे. तेथें टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या गांवीं परत जाई. नागपूर या चारी शहरांपासून सुमारें ७०० ते १००० किलोमीटरांच्या आंत आहे. देशाच्या मध्यभागीं असल्याचा असा रोकडा उपयोग दुसऱ्या कोणत्याही शहरास झाला नसेल. त्याच वर्षाच्या एप्रिलपासून देशांतलीं साधीं पत्रें जादा आकार न घेतां विमानानें जाऊं लागलीं. श्रीमंताची चैन अशी गरिबाच्या पत्राला लाभली.

या सोयीची किंमत कोण मोजीत होतें, याचा विचार पत्र वाचणाराच्या मनांत क्वचितच येत असे. हीं विमानें प्रथम डाकोटा जातीचीं होतीं. प्रत्येकास सुमारें १२०० अश्वशक्तीचीं दोन इंजिनें असत. विमानाच्या आंत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, म्हणून ढगांच्या वर चढून जातां येत नसे. पुढचें वादळ दाखविणारें रडारही नव्हतें. सातपुड्याच्या रानावरून जातांना खालीं दिवा दिसण्याचीही खात्री नसे. आणि हें एखाद्या दिवसाचें साहस नव्हे, तर महिन्याच्या पगारावर नित्य करावयाचें काम होतें.

विमानाला दोन इंजिनें आहेत म्हणजे धोका निम्मा झाला, असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उंचावर, पुरेशा वेगांत असतांना एक इंजिन बंद पडलें तर दुसरें विमानास तारून नेतें. परंतु धांवपट्टी नुकतीच सोडली आहे, वेग बेताचा आहे, अशा वेळीं एक इंजिन थांबलें तर चालू इंजिन विमानाला एका बाजूस ओढूं लागतें. एकच बैल ओढीत असला म्हणजे गाडी जशी फिरते, तसेंच हें आहे. बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्यानें फिरत राहून उलट अडथळा करतो. वैमानिकानें पायानें सुकाणू दाबून दिशा राखावी, वेग घटूं न देण्यासाठीं नाक आवरावें, आणि बंद प्रोपेलरचीं पातीं वाऱ्याशीं समांतर करावीं. हें सर्व कांहीं सेकंदांत, आणि तेंही बंद इंजिन कोणतें हें न चुकतां ओळखून! उड्डाणाचे हे पहिले क्षण किती नाजूक असतात हें नागपुरानें डिसेंबर १९५३ मध्यें पाहिलें. येथून मद्रासकडे निघालेलें टपालाचें डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलें आणि १३ जणांचा अंत झाला.

पुढें टर्बोप्रॉप इंजिनें आलीं. यांत वायूच्या झोतानें चाक फिरतें व त्या चाकाच्या बळावर प्रोपेलर चालतो. वजनाच्या मानानें शक्ति मोठी, म्हणून एक इंजिन थांबल्यास ओढही मोठी. या जातींतलें मित्सुबिशी कंपनीचें एम-यू-२ हें जपानी विमान १९६३ सालीं प्रथम उडालें. तें वेगवान, पण हट्टी म्हणून प्रसिद्धीस आलें. पंखाच्या मागील सर्व कडेला उतरण्याच्या सोयीचीं पाळीं असल्यानें, विमान कलविण्यासाठीं पंखावर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या त्यास बसविल्या आहेत. एक इंजिन गेल्यावर वैमानिक संवयीनें दांडा फिरवून पंख सांवरूं पाहतो. त्याबरोबर चांगल्या बाजूचीच पट्टी उभी राहते आणि उरलेली उचल कमी होते. दुसऱ्या विमानांत बरी ठरणारी संवयच येथें घात करते. अमेरिकेंत अपघात वाढले, तेव्हां विमानावर बंदी घालावी अशीही मागणी झाली. तेथील सरकारनें २००८ सालीं या विमानापुरतें खास शिक्षण सक्तीचें केलें. अपघात झपाट्यानें उतरले. यंत्र तेंच होतें. बदललीं तीं माणसांची तयारी.

रात्रीच्या टपालाची ती योजना १९७० नंतरच्या दशकांत बंद झाली. तिचा धडा मात्र जुना झालेला नाहीं. आजही प्रवासी विमानाच्या वैमानिकास दर सहा महिन्यांनीं परीक्षा द्यावी लागते, आणि कृत्रिम विमानांत बसून इंजिन बंद पडण्याचा प्रसंग पुनःपुन्हां भोगावा लागतो. बहुतेकांच्या साऱ्या नोकरींत तो प्रसंग खरोखर येतही नाहीं. समाज धाडसाचें कौतुक करतो, आणि सरावाचा खर्च मात्र त्याला जड वाटतो. वास्तविक वैमानिकास पगार मिळतो तो उडण्याबद्दल थोडा, आणि जो क्षण बहुधा येणारच नाहीं त्याच्यासाठीं तयार राहण्याबद्दल फार. कामठीच्या शिपायाचें पत्र वेळेवर पोंचलें तें या तयारीच्या जोरावर. आणि जेथें ती तयारी अपुरी पडते, तेथें दुसरें इंजिनही तारूं शकत नाहीं.