जखम दिसत नाही म्हणून

फौजेत कुणी दुखतंय म्हणालं, की मी विचारायचो, "कुठे लागलंय, दाखव." निवृत्तीनंतर पत्नीलाही तेच विचारलं. तिचं अंगभर दुखायचं, पण रक्ततपासणी, एक्स-रे सगळं नॉर्मल. "मनाचे खेळ आहेत," असं मी बोलून गेलो. ते आजही मला बोचतं.

पुढे संधिवाततज्ज्ञांनी आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. यात सांधे झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवून ठेवतात, म्हणून एक्स-रेत काही सापडत नाही. 3 महिन्यांहून जास्त अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा, विसराळूपणा, यांवरून डॉक्टर निदान करतात.

घरात हे कसं दिसतं? कणीक मळताना हात भरून येतात. वेणी घालायला हात वर जात नाही. गॅसवरचं दूध विसरतं. रात्रभर झोपूनही ती पहारा देऊन आल्यासारखी उठते. जरा बरं वाटलं, की साठलेली सगळी कामं उरकते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात.

रूट मार्चमध्ये आम्ही दमण्याआधीच थांबायचो. आता घरातही तेच. 20 मिनिटं काम, मग विश्रांती. कणीक मी मळतो. रोज दोघं फिरायला जातो. 10 मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवलं. व्यायाम हाही उपचारच आहे.

दुखणं गेलेलं नाही. पण आता ते तिला सिद्ध करावं लागत नाही. तुमच्याही घरी कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी विश्वास ठेवा, रिपोर्ट नंतर बघा. जय हिंद.