भट्टी विझल्यावर जमीन कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रे भंगारात जातात, कामगार घरी बसतो, आणि जमीन मात्र जागच्या जागी राहते. यंत्राची किंमत वर्षागणिक घटते, कामगाराचे वय वाढते. जमिनीचे मोल तेवढे चढत जाते. यंत्रे आणि कामगार यांविषयी डाव्या चळवळीने पुष्कळ विचार केला, लढेही दिले. जमिनीविषयी तेवढ्या गांभीर्याने विचार झाला नाही, आणि झाला तेव्हा बराच उशीर झालेला होता. या विचाराला उपयोगी पडेल असे एक उदाहरण जर्मनीतील ड्यूसबुर्ग शहराचे आहे. तेथे लोखंडाच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर आज सार्वजनिक उद्यान आहे, आणि त्या उद्यानात कोणी न लावलेले रानही आहे.

रुर नदी जेथे ऱ्हाईनला मिळते तेथे हे शहर वसले आहे. त्याच्या मायडेरिश भागात ऑगस्ट थिसेन या उद्योगपतीने १९०१ साली कारखाना उभारावयास घेतला, आणि १९०३ पासून तेथील झोतभट्ट्यांतून लोखंडाचा रस वाहू लागला. पुढे भट्ट्यांची संख्या पाचावर गेली. सुमारे ऐंशी वर्षांत तेथे ३ कोटी ७० लाख टन कच्चे लोखंड तयार झाले. एप्रिल १९८५ मध्ये शेवटची भट्टी विझली. कामगारांच्या कसबात काही उणे होते म्हणून नव्हे, किंवा लोखंड वाईट निघत होते म्हणूनही नव्हे. युरोपात पोलादाची उत्पादनक्षमता मागणीपेक्षा जास्त झाली होती, आणि युरोपीय समुदायाने कोणी किती उत्पादन करावे याचे वाटप ठरवून दिले होते. ‘जादा क्षमता’ हा अर्थशास्त्रातला मोठा सभ्य शब्द आहे. ज्याच्या घरी तो पोचतो त्याला त्याचा अर्थ पगाराच्या दिवशी कळतो.

अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सारे पाडून भंगार विकणे. तो मार्ग ड्यूसबुर्गमध्येही समोर होताच. परंतु परिसरातील नागरिकांनी संघटित होऊन पाडकामाला विरोध केला. आणि येथे एक गोष्ट निर्णायक ठरली, जिच्याविषयी प्रवासवर्णनांत सहसा लिहिले जात नाही. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफेलिया राज्याच्या सरकारने १९८० साली एक जमीन-निधी स्थापन केला होता. बंद पडलेल्या खाणींच्या आणि कारखान्यांच्या जमिनी विकत घ्यावयाच्या, त्यांतील विषारी मातीचा बंदोबस्त करावयाचा आणि मग त्या गावांच्या उपयोगी आणावयाच्या, हे त्याचे काम.

या निधीची गरज का पडली हे समजून घेण्यासारखे आहे. रुर भागातील कोळसा-पोलाद कंपन्यांकडे अफाट जमीन होती आणि ती त्या वर्षानुवर्षे विकतच नसत. नवा उद्योग आला तर कामगार तिकडे जातील, मजुरी वाढवावी लागेल, हे त्यामागचे एक कारण. जर्मन भाषेत या प्रकाराला ‘जमिनीची नाकेबंदी’ अशा अर्थाचे नावच पडले होते. म्हणजे खाण मेली तरी तिची जमीन गावाच्या छातीवर बसलेली. खाजगी मालकी हे कार्यक्षमतेचे लक्षण आहे असे पाठ्यपुस्तके सांगतात. रुरमध्ये ती साऱ्या प्रदेशाला जखडून ठेवणारी बेडी झाली होती. ती सरकारने पैसे मोजून तोडली. त्या वेळी राज्यात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरकार होते हे नमूद केले पाहिजे, आणि त्याने जमीन जप्त केली नाही, विकत घेतली, हेही.

मायडेरिशची जमीन अशा रीतीने सार्वजनिक मालकीची झाली. १९८९ साली राज्य सरकारने एम्शर नदीच्या खोऱ्यातील सतरा गावांसाठी दहा वर्षांचा पुनर्रचनेचा कार्यक्रम हाती घेतला. त्यामागे क्रिस्टोफ झ्योपेल हे मंत्री होते, आणि कार्ल गान्झर यांच्याकडे त्याचे संचालन होते. मायडेरिशचे उद्यान हा त्यातला एक प्रकल्प. पेटर लाट्झ या उद्यान-रचनाकाराचा आराखडा १९९१ साली निवडला गेला आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले. क्षेत्रफळ सुमारे १८० हेक्टर, म्हणजे साडेचारशे एकरांच्या आसपास. प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि फाटक रात्रीही बंद होत नाही. दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे तेथे येतात.

लाट्झ यांनी भट्ट्या पाडल्या नाहीत, त्यांच्यावर रंगाचा हात फिरवून त्यांचे सोंगही केले नाही. झोतभट्टीवर माणसे जिन्याने चढतात आणि सारा प्रदेश पाहतात. वायू साठविण्याची जुनी टाकी पाण्याने भरली आहे. ४५ मीटर व्यासाच्या त्या टाकीत पाणबुडे शिकतात. खनिजाच्या कोठारांच्या उंच भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो. ओतशाळेतल्या पोलादाच्या ४९ जाड लाद्या एका चौकात अंथरल्या आहेत. त्यांच्यावर वितळलेल्या लोखंडाने कोरलेल्या खुणा तशाच दिसतात. जेथे माती फार विषारी होती तेथे ती बंदिस्त करून झाकून टाकली. जेथे कमी होती तेथे झाडोऱ्यावर सोपविली.

पाण्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. एम्शर ही नदी शंभर वर्षे साऱ्या खोऱ्याचे उघडे गटार होती. हे निव्वळ बेफिकिरीने झाले नव्हते. खाली कोळसा उपसला जात असल्याने जमीन खचत राही आणि जमिनीत पुरलेले नळ फुटत. म्हणून मैला उघड्या सिमेंटच्या पात्रातून वाहून नेत. त्याची व्यवस्था पाहण्यासाठी १८९९ साली तेथील गावे, खाणी आणि कारखाने यांची एक सहकारी संस्था निर्माण झाली, आणि पुढे कायद्याने तिचे सभासदत्व सक्तीचे झाले. सहकार म्हटले की महाराष्ट्रात साखर आणि दूध आठवते. घाण पाण्याचाही सहकार असू शकतो. खाणी सरल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा याच संस्थेने १९९२ पासून नदी मोकळी करण्याचे काम घेतले. मैल्यासाठी ५१ किलोमीटर लांबीचा मुख्य भुयारी नळ बांधला. काम तीस वर्षे चालले, पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च आला आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर मैल्यापासून मुक्त झाली. मायडेरिशच्या उद्यानात जुन्या एम्शरचा फाटा आहे. तेथे मैला खालच्या नळातून जातो, आणि वरच्या पात्रात छपरांवरून उतरलेले पावसाचे पाणी खेळते. तीस वर्षे म्हणजे सहा-सात निवडणुका. एवढ्या काळात सरकारे बदलली, पक्ष बदलला, पण काम थांबले नाही. कारण ते एखाद्या मंत्र्याच्या मर्जीवर नव्हे, कायद्याने बांधलेल्या सभासदांच्या वर्गणीवर उभे होते.

आता रानाविषयी. या जागेवर सातशेहून अधिक जातींच्या वनस्पतींची नोंद झाली आहे. एवढ्या जाती शेजारच्या सुपीक शेतातही सापडणार नाहीत, आणि याचे कारण उलटे वाटेल असे आहे. शेतात खत पडते, त्यामुळे थोड्या जोमदार जाती माजतात आणि बाकीच्यांना हुसकावतात. धातुमळीच्या आणि कोळशाच्या काळ्या, कोरड्या, निःसत्त्व ढिगाऱ्यावर कोणाचेच फार फावत नाही, म्हणून तेथे अनेकांना जागा मिळते. शिवाय खनिज जगभरातून येई, आणि त्याच्यासोबत बीही येई. दक्षिण आफ्रिकेतले पिवळ्या फुलांचे एक झुडूप तेथे रुळांच्या कडेने फुलते. मूळची चीनची, फुलपाखरांना प्रिय असलेली बडलिया तेथेच भिंतींच्या फटींतून उगवते. ढिगाऱ्यांवर सर्वांआधी येतो तो बर्च, आपल्या हिमालयातील भूर्जाचा भाऊबंद. उघड्या खडीवर साचणाऱ्या उथळ डबक्यांत एका दुर्मिळ जातीचा भेक अंडी घालतो. पूर्वी तो नदीच्या वाळवंटात राही, नद्या बांधल्या गेल्यावर त्याला कारखान्याच्या पडीक जागेने आसरा दिला.

मात्र हे सारे निसर्गाने आपोआप केले असे म्हणणे खरे नाही. रान नुसते सोडून दिले तर थोड्या वर्षांत बर्च सर्वत्र दाटतो, सावली पडते, आणि उघड्या जमिनीवरच्या जाती, तो भेकही, नाहीसे होतात. म्हणून काही तुकडे पुन्हा पुन्हा मोकळे करावे लागतात. रानालाही मजुरी लागते, आणि ती अर्थसंकल्पात दरवर्षी धरावी लागते.

या चित्राची दुसरी बाजू दडविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उद्यानाने लोखंडाच्या कारखान्याएवढा रोजगार दिला नाही, देणे शक्यही नव्हते. याच ड्यूसबुर्गमध्ये ऱ्हाईनच्या पलीकडे राइनहाउझन येथे क्रुप्पचा पोलाद कारखाना होता. तो बंद करण्याचा निर्णय १९८७ साली जाहीर होताच कामगारांनी अनेक महिने लढा दिला, नदीवरचा पूल अडविला. त्या पुलाला आजही ‘एकजुटीचा पूल’ म्हणतात. तरीही कारखाना १९९३ साली बंद झालाच, आणि त्या जागी आज मालवाहतुकीची प्रचंड गोदामे आहेत. तेथे काम आहे, पण पोलाद कामगाराचा पगार आणि संघटनेची ताकद तेथे नाही. शहरातील बेकारीचे प्रमाण आजही देशाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास आहे. जर्मनीत कोळसा-पोलाद उद्योगाच्या देखरेख मंडळांवर कामगारांना १९५१ च्या कायद्याने बरोबरीचे स्थान होते, त्यामुळे जाणाऱ्या पिढीला निवृत्तिवेतन आणि भरपाई मिळाली. पुढच्या पिढीला कारखाना मिळाला नाही. उद्यान हे बेकारीवरचे उत्तर नव्हे. भट्ट्या विझल्यावर जे उरले ते लोकांच्या हाती राहिले, इतकाच त्याचा दावा आहे, आणि तो दावा लहान नाही.

हे ऐकताना मुंबईकर श्रोत्याच्या मनात गिरणगाव उभे राहिले नसेल तर नवल. काळ जवळजवळ तोच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. गिरण्यांची जमीन एकूण सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ठरविले की गिरणीची जमीन विकसित करताना तिचा साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळावा. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि त्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सुचविले. एकत्र केल्यानेच मोठी मैदाने निघाली असती. तो आराखडा बाजूला पडला. २००१ साली नियम बदलला: वाटणी फक्त त्या वेळी मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारतीखालच्या जमिनीची नव्हे. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती केवढी असणार! उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. दरम्यान २००५ साली महामंडळाची, म्हणजे सरकारी मालकीची, एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. घरांसाठी अर्ज केलेले कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाहून अधिक. पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रुरमधली जमीन कोणाला नको होती, परळची जमीन सोन्याची आहे. ही तुलनाच चुकीची. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. परळच्या जमिनीला सोन्याचे मोल कोणी आणले? मालकाने तिच्यावर साचे चालविले, ते बंद पडले तरी जमीन महागच होत गेली. ते मोल रेल्वेने आणले, पालिकेच्या पाण्याने आणि रस्त्यांनी आणले, चाळींत राहून शहर चालविणाऱ्यांनी आणले. जॉन स्टुअर्ट मिल याने यालाच अनर्जित वाढ म्हटले आणि ती कराच्या रूपाने समाजाकडे यावी असे सुचविले. मिल काही क्रांतिकारक नव्हता. अनेक गिरण्यांची जमीन तर मुळात सरकारच्या किंवा पालिकेच्या भाडेपट्ट्याची. ड्यूसबुर्गच्या सरकारला जमीन विकत घ्यावी लागली. मुंबईत तिचा बराच भाग घरचाच होता.

मुंबईला हे जमत नाही असेही नाही. माहीमला मिठी नदीच्या काठी, धारावीसमोर, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. त्या सदतीस एकरांवर झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ सालीच, म्हणजे मायडेरिशच्याच वर्षी, ते खुले झाले. तेथे जमीन आधीपासून सार्वजनिक होती आणि कचऱ्याच्या ढिगावर त्या काळी कोणी बांधकाम व्यावसायिक डोळा ठेवून नव्हता.

महामंडळाच्या ज्या गिरण्या मुंबईत अखेरपर्यंत चालल्या, त्यांचे साचे २०२० च्या टाळेबंदीत थांबले. आपापल्या विभागातील अशा प्रत्येक जागेचा उतारा काढावा, भाडेपट्टा कोणाच्या नावे आहे आणि कधी संपतो ते पाहावे, जुने बांधकाम किती आणि मोकळी जागा किती याची नोंद करावी. रुरमध्ये सरकारने जमीन-निधी काढला तेव्हा कोणती जागा कोणाची, हे आधी माहीत करून घ्यावे लागले होते. मुंबईत ही यादी कार्यकर्त्यांनीच करावयाची आहे, आणि पुढच्या बैठकीपर्यंत निदान परळ, लालबाग आणि काळाचौकी एवढी तरी ती व्हावी.