आगाशी : वाडी, विहीर आणि देरासर



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा अन्य मान्यवर वक्ते घेतीलच. या व्याख्यानाचा विषय मात्र संस्थेच्या कुंपणाबाहेरचा आहे. विरार स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राच्या थोडे अलीकडे वसलेले आगाशी गाव सर्वत्र ओळखले जाते ते श्री मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ म्हणून. यात्रेस येणारा भाविक दर्शन-पूजा करतो, भोजनशाळेत जेवतो आणि गाडीची वेळ पाहून परततो. ज्या गावाने हे तीर्थ जपले, ते गाव त्याच्या दृष्टीस क्वचितच पडते.

या किनाऱ्याशी जैन धर्माचे नाते देरासराहून कितीतरी जुने आहे. आगाशीच्या शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली येथे मिळाला, तर दुसरा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे सापडला. जैन परंपरेत सोपाऱ्याची जी कथा आहे ती तर प्रत्येक श्रावकाने जाणून घ्यावी अशी आहे. भीषण दुष्काळात जिनदत्त श्रेष्ठी व त्यांची पत्नी ईश्वरी यांनी लाख मोलाचे अन्न शिजविले होते आणि त्यात विष कालवून सहकुटुंब जीवन संपविण्याचा त्यांचा विचार होता. त्याच वेळी गोचरीसाठी आलेल्या आचार्य वज्रसेनांनी त्यांना थांबविले. आपल्या गुरूंच्या वचनाचा आधार देऊन उद्या सुकाळ होईल, असे ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदरात लागली! पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुळे चालली, असे पट्टावली सांगतात. यातील चंद्रकुळाशी श्वेतांबर परंपरेतील अनेक गच्छ आपले मूळ जोडतात. म्हणजे आज येथे बसलेल्या कित्येकांच्या गुरुपरंपरेचा एक धागा या खाडीच्या मुखाशी येऊन पोहोचतो. कथेत जीव वाचविला तो मुनींच्या शब्दाने आणि समुद्रातून आलेल्या धान्याने, दोहोंनी मिळून, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

काळाच्या ओघात खाडी गाळाने भरत गेली आणि सोपाऱ्याचे वैभव ओसरले. सोळाव्या शतकाच्या आरंभी आगाशी लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. पोर्तुगीजांनी १५३० व १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते लुटले. दुसऱ्या वेळी गुजरातची तीनशे गलबते त्यांच्या हाती लागली म्हणतात. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख त्यांच्याकडे गेला, तो १७३९ साली चिमाजी अप्पांनी सोडविला. वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी बांधविलेले भवानीशंकराचे मंदिर आगाशीत आजही त्या काळाची साक्ष देत उभे आहे.

देरासराचा इतिहास शेठ मोतीशा यांच्या नावाशी निगडित आहे. मोतीचंद अमीचंद (१७८२–१८३६) हे मुंबईचे थोर जहाजमालक. त्यांचे जहाज या किनाऱ्याशी अडकले असता त्यांनी देरासराचा संकल्प केला, अशी आख्यायिका भाविक सांगतात. मूर्ती सोपाऱ्याच्या तलावातून मिळाली, अशीही श्रद्धा आहे. भायखळ्याचे आदिनाथ देरासर आणि शत्रुंजयावरील मोतीशाची टूक ही त्यांची सर्वश्रुत कार्ये. पारशी समाजाचे जमशेटजी जीजीभाई आणि कोकणी मुसलमान समाजाचे महंमद अली रोगे हे त्यांचे व्यापारातील भागीदार होते. त्या व्यापारात चीनला जाणारी अफूही होती. स्मरणिकांतून हे सहसा लिहिले जात नाही. परंतु इतिहास सांगायचा तर तो पुरता सांगावा. त्याच मोतीशांनी जमशेटजींच्या साथीने १८३४ साली मुंबईची पांजरापोळ उभी केली, हेही तितकेच खरे आहे.

आता गावाकडे वळू. वाडवळ, कोळी, ब्राह्मण, ख्रिस्ती अशा नाना समाजांच्या या परिसराचे जीवन वाडीवर चाले, आणि वाडी चाले ती विहिरीवर. रहाटाने उपसलेले पाणी पाटांतून केळी, पानवेली आणि फुलझाडांपर्यंत खेळत असे. आगाशीची सुकेळी तर दूरवर प्रसिद्ध होती. राजेळी केळ्यांचे लोंगर भाताच्या पेंढ्यात पिकवायचे, साली काढून ती मांडवावर काही दिवस उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सोपटात बांधून ठेवायची, असा तो सारा घरच्या माणसांच्या हातचा उद्योग. फुलांच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने दादरला जात. देवपूजेत मुंबईकरांनी वाहिलेल्या किती फुलांना आगाशीच्या विहिरींचे पाणी मिळाले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहिरीतून मर्यादेबाहेर उपसा झाला की खालचे खारे पाणी वर सरकते. रहाटाच्या जागी पंप आले तेव्हा याची चाहूल लागली. पुढे विरार-नालासोपाऱ्यात इमारती उभ्या राहिल्या, नळाचे पाणी पुरेना आणि गावोगावच्या विहिरींतून टँकर भरून जाऊ लागले. १९८८ साली वसईचा हरित पट्टा नागरीकरणास खुला करण्याचे धोरण आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्या मोर्चांतील मागणी साधी होती : वाडीचे पाणी वाडीला राहू द्यावे. नव्या इमारतींत घरे घेणाऱ्यांत जैन कुटुंबेही बरीच होती. टँकरचे पाणी कोठून येते, हे त्यांनी विचारले नाही. त्यांना तसे कोणी सांगितलेही नाही.

या प्रश्नाचे उत्तर खरे तर श्रावकाच्या स्वयंपाकघरातच होते. गाळून घेतलेल्या पाण्याचा संखारो, म्हणजे गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच हळुवारपणे परत सोडण्याची चाल जुन्या घरांत काटेकोरपणे पाळली जाई. गोड्या पाण्यातील जीव खाऱ्या पाण्यात जगत नाही, म्हणून ही दक्षता. त्या आजीबाईंना कोणती विहीर गोडी, कोणती मचूळ, कोणती उन्हाळ्यात तळ गाठते, हे तोंडपाठ असे. विहिरीची इतकी माहिती वाडीच्या मालकालाच असणार, किंवा मग त्यांना.

श्री मुनिसुव्रतस्वामींचे लांछन कासव आहे, हे प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक असते. दर्शन आटोपल्यावर त्याने गावातून पायी एक फेरी मारावी. काही वाड्यांत मोगरा अजून फुलतो, काही विहिरींवर झाकणे बसली आहेत. उसगाव, पेल्हार आणि सूर्या या धरणांचे पाणी आता नळाने शहराच्या घरोघरी येते, आणि त्या पाण्याचा संखारो नेऊन सोडायचा कोठे, हा प्रश्न जुन्या पिढीतील श्राविका अजूनही महाराजसाहेबांना विचारतात.