ठेका घ्यायला भ्यायचं कशाला?
(सोलापुरातील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



आपली पोरं नळ जोडतात, वायरिंग ओढतात, रंग मारतात. ठेकेदार मात्र दुसराच. "तूच ठेका घे" म्हटलं की म्हणतात, "बुडालो तर?"

या सोलापुरात गिरण्यांमागून गिरण्या बंद पडल्या. मालकांची जात नालायक ठरली का? आपलं एक पोरगं बुडालं की मात्र अख्खी वस्ती नालायक! ही भीती आपल्या रक्तातली नाही, व्यवस्थेनं पेरलेली आहे.

१९१७ साली लंडनहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सचा सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईकं तुटली, पेढी बसली. अक्कल कमी नव्हती, जात आडवी आली. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेले. ज्या पाण्याला शिवायची बंदी होती, त्याचा नळ आज आपण लोकांच्या सैपाकघरात जोडतो. मग बिल आपल्या नावाचं का नको?

पहिलं काम छोटं घ्या. बुडालं तरी महिन्याभराच्या हजेरीत फिटेल एवढंच. दर कागदावर, खाली सही. मालाचे पैसे आधी. सोबत्याची मजुरी पहिली, आपला नफा नंतर. नाहीतर आपणच नवे मुकादम. आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा ठेका कुणी सोनं दिलं तरी घ्यायचा नाही. साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

बुडालो तर पुन्हा हजेरीवर जाऊ. हात कुठं गेलेत?

जय भीम!