सियालदहच्या सिस्टर सिरिल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी आपण एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र ऐकतो. सावित्रीबाई झाल्या, पंडिता रमाबाई झाल्या, गेल्या खेपेस अनुताई वाघ झाल्या. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा ठरवले की जिच्या दारावरून मी चार वर्षे ट्रामने गेले आणि एकदाही खाली उतरले नाही, अशा बाईविषयी बोलावे.

१९८४ साली ह्यांची बदली कलकत्त्यास झाली. सियालदह स्टेशन आमच्या घरापासून लांब नव्हते. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे याच स्टेशनात उतरले होते. आमच्या वेळीही फलाटावर आणि बाहेरच्या फुटपाथवर संसार मांडलेले दिसत. त्याच रस्त्यावर लोरेटो जोगिणींची मुलींची शाळा आहे. तिच्या मुख्याध्यापिका होत्या सिस्टर सिरिल मूनी.

त्यांचा जन्म १९३६ चा, आयर्लंडमधल्या ब्रे गावचा. विसाव्या वर्षी, १९५६ साली, त्या हिंदुस्थानात आल्या त्या इथल्याच झाल्या. लोरेटो संघाच्या शाळा कलकत्त्यात शंभरावर वर्षे चालू होत्या. मदर तेरेसाही आधी याच संघात होत्या आणि १९४८ पर्यंत शिक्षिका होत्या. सिस्टर सिरिल प्राणिशास्त्रातल्या डॉक्टरेट. चांगल्या घरच्या मुलींना इंग्रजी शिकवीत त्या सुखाने जन्म काढू शकल्या असत्या.

१९७९ साली सियालदहची शाळा त्यांच्या हाती आली, तेव्हा आठशेच्या आत मुली होत्या आणि त्यांत गरिबाघरच्या नव्वदच्या आसपास. हा आकडा त्यांना सलू लागला. देणग्या मिळवून त्यांनी बिनफीच्या मुली वाढवीत नेल्या. वीस वर्षांनी पट चौदाशेंवर गेला, त्यात निम्म्या मुली फी न भरणाऱ्या. शिक्षणहक्काच्या कायद्याने खासगी शाळांना चौथा हिस्सा जागा ठेवायला सांगितले ते २००९ साली, आणि त्यावरही केवढी कुरकुर झाली हे आपण पाहिलेच! या बाईंनी अर्धी शाळा आधीच देऊन टाकली होती.

पण मला अधिक मोठी वाटते ती १९८५ ची गोष्ट. फुटपाथवरच्या मुलांना त्यांनी शाळेत घेतले. प्रवेशअर्ज नाही, वेळेचे बंधन नाही. कागद वेचून, ओझी वाहून झाले की ज्या घटकेला मोकळीक मिळेल त्या घटकेला मुलाने यावे. मग शिकवणार कोण? शाळेतल्याच मुली. पाचवीपासून पुढच्या मुलींनी आपल्या कार्यानुभवाच्या तासाला एकेका मुलाजवळ बसायचे आणि त्याला जे येत नसेल ते शिकवायचे. पुढे त्या मुलांच्या निजण्याचीही सोय शाळेतच झाली. दर गुरुवारी मुली शहराबाहेरच्या खेड्यांतल्या शाळांतही शिकवायला जात.

आमच्या शेजारच्या बंगाली घरातली मुलगी याच शाळेत होती. ती एका कागद वेचणाऱ्या पोरीला बेरीज शिकवी. मी शहाणपणाने विचारले, “तुझा अभ्यास बुडत नाही का ग?” ती म्हणाली, “बौदी, ती हातचा विसरते. मी का विसरत नाही ते तिला सांगताना मलाच नीट कळले.” मला तेव्हा हसू आले होते. जन्मभर मास्तरकी करूनही पुष्कळांना जे उमगत नाही ते ती बारा वर्षांची पोर सहज बोलून गेली होती.

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. आमचा धाकटा तान्हा होता. त्याला सांभाळायला मी एक मुलगी ठेवली होती. अकरा-बारा वर्षांची असेल. गावाकडून तिची मावशी घेऊन आली होती. आम्ही तिला कधी हात लावला नाही, जेवण आमच्याच पातेल्यातले, पूजेला नवा फ्रॉक. मला वाटे, आपण तिच्यावर उपकारच करतो आहोत. बाजाराचा हिशेब ती तोंडी करी आणि माझ्या कागदावरच्या बेरजेतली चूक दाखवी. मी तिचे कौतुक करून शेजारणींना सांगत असे. तिला अक्षर शिकवावे असे माझ्या मनात आले नाही. शाळेचे दार वीस मिनिटांवर होते. शेजारची मुलगी रोज तिथे जात होती. १९८८ साली आम्ही परत निघालो, तेव्हा मावशी येऊन तिला घेऊन गेली. कुठे, ते मी विचारले नाही.

सिस्टर सिरिल २०२३ च्या जूनमध्ये कलकत्त्यातच वारल्या. १९९४ सालचे युनेस्कोचे नोमा पारितोषिक, २००७ ची पद्मश्री, सगळे छापून आले होते. त्याबरोबर वाचले की पुढच्या काळात त्यांच्या शाळेच्या मुली आपापल्या वस्तीत घराघरांतून दडलेली कामकरी मुले शोधीत, त्यांच्याशी मैत्री करीत, खेळायला-शिकायला बोलवीत आणि घरच्या बाईशी गोडीने बोलत. घरकामाला चौदा वर्षांखालचे मूल ठेवण्यावर सरकारी बंदी आली ती २००६ साली. ते वाचताना मनात आले, अशी एखादी मुलगी माझ्या दाराशी आली असती, तर मी तिला आत घेतले असते का? खरे सांगते, पहिल्या दिवशी नसते घेतले.

आपल्या गल्लीच्या टोकाला नवी इमारत उठते आहे. गवंड्या-बिगाऱ्यांची नऊ मुले दिवसभर वाळूच्या ढिगावर असतात. मी दोनदा मोजली. आपल्या मंडळाची मागची खोली मंगळवारचे भजन सोडले तर बंद असते. आपल्या नाती-पुतण्या सहावी-सातवीत आहेत. मी कार्यकारिणीकडे खोलीसाठी अर्ज दिला आहे. सतरंजीवर धूळ होईल, असे एकीने म्हटले. झाडण्याचे काम मी पत्करते. चिटणीसबाईंनी किल्ली तेवढी सोमवारी माझ्याकडे द्यावी.