बाराखडी बोटाखाली

(गणेशोत्सवात सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून काढले, अशी कथा आहे. बाप्पाला टायपिंगची अडचण नव्हती, आपल्याला आहे. आरती किती वाजता, हा साधा मराठी प्रश्नसुद्धा मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत येतो. इंदिरानगरात वाढलेली आपली मुले मराठी बोलतात, बरीचशी वाचतातही. लिहायचे म्हटले की मात्र रोमन लिपीकडे पळतात. यात मुलांचा दोष कमी आणि कळफलकाचा जास्त, असे माझे मत आहे. या प्रश्नावर काही मराठी मंडळींनी वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. आज त्यांच्याविषयी बोलतो.

मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर म्हणजे आयडीसी सुरू झाले. त्याची उभारणी केली प्रा. सुधाकर नाडकर्णी यांनी. ते जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे जर्मनीत उल्म येथे. डिझाइन म्हणजे वस्तूला रंगरंगोटी नव्हे, वस्तू आणि माणूस यांच्यातला व्यवहार सोपा करणे, हा विचार तिथे शिकवला जाऊ लागला.

याच आयडीसीत सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी शिकवत. बोरू आणि कुंचला हातात खेळवणाऱ्या या माणसाने संगणकाला परके मानले नाही. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. तुंगा हा कन्नड फॉन्टही त्यांच्याच देखरेखीखालचा. म्हणजे आपल्या घरातले मराठी पत्र आणि इथल्या कचेरीतला कन्नड अर्ज, दोन्ही कित्येक वर्षे एकाच मराठी माणसाच्या नजरेखालून गेलेल्या अक्षरांत छापले जात होते! प्रा. जोशी २००८ साली गेले.

अक्षर पडद्यावर दिसणे वेगळे आणि ते बोटाने उमटवणे वेगळे. मराठीत तर 'आचार्यांना' दक्षिणा आणि 'आचाऱ्यांना' पगार! या दोन 'र्य'मधला फरक संगणकाच्या गळी उतरवायला बराच काळ गेला. टायपिंगच्या प्रश्नावर आयडीसीतच प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले. 'कीलेख' या त्यांच्या कळफलकावरचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अक्षरे बाराखडीच्या तक्त्याप्रमाणे मांडली होती. नमुना करायचा, लोकांच्या हातात द्यायचा, ते कुठे अडखळतात ते पाहायचे आणि पुन्हा बदलायचे, अशी ती रीत. पुढे २०१३ मध्ये मोबाइलसाठी 'स्वरचक्र' आले. 'क'वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते. बोट सरकवून मात्रा निवडायची. जोडाक्षर लिहिताना ते पुरे होण्याआधीच कळांवर दिसते. याच धर्तीवर कन्नडसह इतर भाषांची स्वरचक्रेही निघाली.

मी सिग्नल खात्यातला माणूस, त्यामुळे मला यात नवल वाटले नाही, आनंद वाटला. स्टेशनमास्तरच्या पॅनलवर यार्डाचा नकाशाच काढलेला असतो आणि बटणे त्या त्या रुळाच्या जागीच असतात. कुठले बटण कशाचे, हे पाठ करावे लागत नाही, कारण यार्ड डोक्यात असतेच. बाराखडीही आपल्या डोक्यात असते. टाइपरायटरवरून आलेल्या कळफलकांनी ती विस्कटून ठेवली होती, या मंडळींनी ती पुन्हा जागेवर लावली.

आता इथल्या मुलांची गोष्ट. ती शाळेत कन्नड शिकतात आणि पालक म्हणतात, आता तिसरी लिपी कुठे शिकवायची? पण युनिकोडमध्ये देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५ आणि कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ख'चा फरक काढा, ८९६. 'ळ'चा काढा, तोही ८९६! भारतीय लिप्यांचा वर्णक्रम एकच मानून जुने भारतीय प्रमाण केले होते, युनिकोडने तीच मांडणी उचलली. संगणकाला जे कळले ते आपल्या लक्षात येत नाही, एवढेच. ज्या मुलाला कन्नड वर्णमाला येते त्याला मराठी कळफलकाचा नकाशा आधीच पाठ आहे. फक्त अक्षरांचे चेहरे ओळखायचे आहेत.

आणखी एक. मुलीने डिझाइनला जायचे म्हटले की आपल्या घरांत एकदम शांतता पसरते. चित्रे काढून पोट भरेल का, हा प्रश्न येतो. आयआयटीतल्या डिझाइनच्या पदवीसाठी बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या मुलांना यूसीड ही परीक्षा देता येते. मुंबई आयआयटी २०१५ पासून ती घेते. आपल्या शहरातही अहमदाबादच्या एनआयडीचे केंद्र आहे, येलहंक्यात सृष्टी आहे. चौकशी करायला रविवारची एक सकाळ पुरते. इंजिनिअरिंगच्या कोचिंगला आपण दोन वर्षे देतोच की!

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मुलांची दोन पाने ठेवावीत आणि मजकूर मुलांनी स्वतः देवनागरीत टाइप करून द्यावा, अशी माझी समितीला विनंती आहे. आज आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलाजवळ आहे. ज्यांच्या फोनवर मराठी कळफलक सुरू करायचा असेल त्यांनी फोन घेऊन यावे, आणि येताना मुलांनाही आणावे.